माडाला सुट्टी : घरातल्या धांदलीच्या छोट्या गोधड्या

काजूगर (चर्चेचा हा धागा सुरू करणारी, वेंगुर्ले)

कापडावर कोकण शिवायचं म्हटलं की आधी माड येतो. मग निळी पट्टी म्हणजे समुद्र, त्यावर त्रिकोणी शिडाची होडी आणि कोपऱ्यात मावळता सूर्य. प्रदर्शनात हेच, रिसॉर्टच्या भिंतीवर हेच, उशीच्या अभ्र्यावरही हेच. आमच्या दारात माड आहेत की. पण त्यांच्याकडे मान वर होते ती नारळ पाडणारा पाडेली आला तर, नाहीतर झावळ कौलांवर आदळली तर. बाकीचा दिवस जातो डबे, चाव्या, सासूबाईंच्या गोळ्यांची पाकिटं, गॅसचा नंबर, एसटीची वेळ आणि "माझा चष्मा कुणी पाहिला का" यात. शिवायचं तर हे शिवावं, असं माझं म्हणणं. माडाला काही वर्षं सुट्टी देऊया.

मी वहीच्या पानाएवढ्या गोधड्या करते, आठ बाय दहा इंचांच्या. या पांघरायच्या नाहीत, बघायच्या. पण रचना आपल्या नेहमीच्या गोधडीचीच: वर तुकड्यांचा थर, मध्ये पोट, खाली अस्तर, आणि तिन्ही धरून ठेवणारा धावदोरा. हा आकार निवडला तो सोयीसाठी. मोठी गोधडी घालायला जमीन मोकळी लागते, आणि आमच्या माजघरात जमीन मोकळी असते ती फक्त सारवल्यावर. हे पान पिशवीत मावतं. बँकेत टोकन घेऊन बसलं, कुडाळ स्टेशनात गाडी उशिरा आहे असं कळलं, की चार ओळी होतात.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेत २००२ साली कॅरी ब्रेझनहॅन या बाईंनी इंटरनेटवरच्या गोधडीवाल्यांना आवाहन केलं होतं: दर महिन्याला एक छोटी गोधडी करा, टाइपाच्या कागदाच्या मापाची, साडेआठ बाय अकरा इंच. म्हणजे कापडी रोजनिशीच. त्या पानांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या गोधडी महोत्सवात झालं. ते वाचल्यावर वाटलं, रोजनिशी लिहायला आपल्याला जमत नाही, पण सुई तर हातात असतेच.

माझी दोन पानं सांगते, म्हणजे कळेल.

एक आहे 'वळीव'. मे अखेरीचं आमचं खळं. वरच्या ओळींत चौकोन नीट मांडलेले: सोलं, आंब्याची साठं, फणसपोळी, सोडे. सोलांचा रंग आईच्या फाटक्या जांभळ्या लुगड्याचा, साठांचा पिवळा मुलाच्या शाळेतल्या हाउसच्या शर्टाचा. खालच्या ओळीतले चौकोन मात्र तिरके, एकमेकांवर चढलेले, एक तर कडेच्या बाहेर निघालेला, कारण तोवर थेंब पडायला लागलेत आणि घरातली सगळी धावलीत. माणूस एकही काढलेलं नाही. शेवटी राखाडी दोऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरप्या ओळी घातल्या. तोच पाऊस आणि तेच थर धरणारे टाके.

दुसरं 'चतुर्थीची रात्र'. यात घर वरून पाहिलंय: ओटी, माजघर, पडवी, आणि त्यात दाटीवाटीने आयत. एक आयत म्हणजे झोपलेला एक चाकरमानी. मुंबईहून आलेलं माणूस काहीतरी विसरून गेल्याशिवाय परतत नाही. टॉवेल, रुमाल, अभ्रा, एका भाचीची लेगिंग. ज्याचं कापड राहिलं त्याचा आयत त्याच कापडाचा. स्वयंपाकघरात दोनच आयत उभे आहेत. ती मी आणि माझी जाऊ, उकड काढायला उठलेल्या.

घरातलं कापड सोडून काही वापरायचं नाही, दोरा तेवढा विकत, एवढाच माझा नियम. आता तुम्ही सांगा. तुमच्या घरची कुठली धांदल तुम्ही शिवाल? आणि पावसाळ्यात ही पानं ठेवता कुठे? माझ्याकडे ट्रंक आहे, पण ट्रंकेत बुरशी माझ्याआधी पोचते.

---

टीपकागद (डोंबिवली, गाव देवगडकडे)

एक बाळबोध शंका. धांदलीतून कसाबसा वेळ काढायचा आणि त्या वेळात पुन्हा धांदलच शिवायची? निदान सुईने तरी माणसाला समुद्रावर नेऊ द्या की!

बाकी तो टॉवेल माझा नसावा अशी आशा.

---

काजूगर

टॉवेल हिरव्या पट्ट्यांचा असेल तर तुमचाच समजा.

शंकेचं उत्तर देते. आमच्या घरी फोटोंचे अल्बम आहेत. त्यात लग्नं, मुंजी, सत्यनारायण, नवी गाडी. सगळेजण कॅमेऱ्याकडे बघत उभे. सकाळी साडेसहाला या घरात काय चालतं याचा एकही फोटो नाही, कारण त्या वेळी फोटो काढायला हात कुणाचा मोकळा? माझी आई तिच्या काळात सकाळी काय काय करायची ते मला आज नीट आठवत नाही. पण तिची पैठणी डोळ्यांपुढे आहे, जी ती वर्षातून एकदा नेसायची. हे मला खटकतं. आणि समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्यासाठी सुई लागत नाही.

---

आगळ (मालवण)

वाचलंय सगळा. कल्पना बरी असा. पण माका एक सांग गो बाय, जी गोधडी कोणाक पांघरूक नाय, ती शिवची कित्याक? आमच्या आवशीन जल्मभर गोधडे शिवले. फाटासर वापरले, फाटले काय त्यांचेच तुकडे दुसऱ्या गोधडेच्या पोटात. भिंतीर एकय टांगूक नाय. भिंतीर टांगलेला कापाड म्हणजे कोळिष्टकांची सोय.

---

उसवण

मी शिंपी, दुकान आहे, त्यामुळे कलेवर बोलत नाही, कापडावर बोलतो.

तीन थर एकत्र शिवले की कापड आखडतं. टाके जितके दाट तितकं जास्त. आठ बाय दहा हवं असेल आणि आठ बाय दहाच घेऊन बसलात तर हातात साडेसात बाय साडेनऊ येईल, तेही वाकडं. चारही बाजूंना इंचभर जास्त ठेवा. शिवून झालं की उलट बाजूने इस्त्री फिरवा, गुण्या लावून काटकोनात कापा, मग कडेला गोट (कापडी पट्टी) लावा. कापण्याचं काम शेवटी.

थर आधी कच्च्या टाक्याने बांधून घ्या, मधून सुरुवात करून कडेकडे जा, म्हणजे जी सुरकुती असेल ती बाहेर पडते. कडेकडून सुरू केलंत तर ती मध्ये गोळा होते आणि मग तिला वाट नसते. आणि टाचण्या लावून काम तसंच ठेवून देऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर टाचणी चार दिवसांत गंजते, डाग पडला की जात नाही. कच्चा टाकाच बरा.

अजून एक, थोडं कडू. "हाताचं आहे, वाकडं असणारच" हे मला पटत नाही. ताईंच्या पानात खालची ओळ वाकडी आहे ती ठरवून, म्हणून ती शोभते, कारण वरची सरळ आहे. सगळंच वाकडं असतं तर पाऊस दिसलाच नसता.

---

काजूगर

उसवणकाका, हे शेवटचं वाक्य मी शिवणाच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवतेय.

---

कारवारी_सून

उसवणकाका मधून कडेकडे म्हणतात. आमच्या बाजूला याच्या नेमकं उलट चालतं, आणि सुरकुती पडत नाही!

घाटाच्या अंगाला यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाज आहे. मूळ आफ्रिकेचे, शेकडो वर्षांपासून इथले, त्यांच्यातले बरेचजण घरात कोंकणी बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. तळाला जुनी साडी पसरायची. कोपऱ्यापासून सुरुवात. तुकडा ठेवायचा, त्याची कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोऱ्याने थेट सगळ्या थरांतून शिवत पुढे जायचं. बाहेरून फेरे घेत घेत मध्यापर्यंत. तुकडे आधी जोडायची भानगड नाही, टाचणी नाही, वेगळा गोट नाही, कारण कड सुरुवातीलाच दुमडलेली असते. जोडणं आणि थर बांधणं एकाच टाक्यात होतं. हात प्रत्येक तुकडा सपाट करतच पुढे जातो, म्हणून आखडलेलं कापड मध्ये साचत नाही. टाक्यांच्या ओळी आपोआप चौकोनात चौकोन अशा दिसतात.

शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी वाटते, असं त्या सांगतात.

छोट्या पानाला ही पद्धत फार सोयीची. मांडीवर होते, टेबल लागत नाही. फक्त चित्र आधी ठरवून चालत नाही, तुकडा जसा हाताला येईल तसं. ज्यांना काजूगरसारखा घराचा नकाशा काढायचाय त्यांनी उसवणकाकांचं ऐका.

---

उसवण

हे माहीत नव्हतं. कड दुमडतच आत जायचं, म्हणजे ताण प्रत्येक फेऱ्यात मिटतो. बरोबर आहे. रविवारी करून बघतो.

---

रानवेल (चिपळूण)

आगळकाकांच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका गोधड्या करायच्या त्या निव्वळ थंडीसाठी, फटी असलेल्या लाकडी घरांत अंगावर आणि अंगाखाली घ्यायला. कापड म्हणजे शेतात घालून विरलेले कपडे. गुडघ्यावर जिथे ठिगळ होतं तिथला मूळ गडद रंग तसाच, बाकी कापड उन्हाने उडालेलं, आणि तेच गोधडीत दिसतं. मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. पांघरण्यासाठीच केली.

या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. भिंतीवर टांगण्याचा विचार त्या बायकांनी कधी केला नव्हता. तरी रंगांची मांडणी इतकी धीट आहे की त्या भिंतीवरही तेवढ्याच जोरात उभ्या राहतात.

म्हणजे वापर आणि बघणं यांत भांडण असायलाच हवं असं नाही. पण काजूगर, एक टोचणी तुलाही. त्या गोधड्यांत घरची धांदल आहे ती विरलेल्या गुडघ्यात. ती कुणी चित्र म्हणून काढलेली नाही. तू जास्त 'चित्र' काढतेस असं नाही वाटत? डबा म्हटला की गोल, पाऊस म्हटला की तिरपी रेघ.

---

काजूगर

टोचणी लागली. रात्रभर विचार केला आणि अर्धीच मान्य आहे.

विरलेलं कापड स्वतः बोलतं, ते खरंच. सासूबाईंच्या गाऊनचा खिशाजवळचा भाग घेतला तर तिथे चाव्यांच्या जुडग्याने घासून कापड पांढरं पडलंय. तिथे मी चावी शिवायची गरज नाही. (कोकणातल्या घरांचा राष्ट्रीय पोशाख गाऊन. त्यावर खांद्याला टॉवेल टाकला की बाहेरच्या माणसाशी बोलायचा पोशाख.) पण माझ्या मुलाचे कपडे पॉलिएस्टरचे, ते विरतच नाहीत. नवऱ्याची पँट दहा वर्षांनीही तशीच. आजच्या घरातली घाई कापडावर उमटत नाही, ती मोबाईलमध्ये, कॅलेंडरवर आणि फ्रिजच्या दारावर असते. तिला दाखवायला रेघा काढाव्याच लागतात. माणसं मात्र काढत नाही, ते पथ्य पाळते. माणूस काढलं की ते बाहुली होतं.

---

आगळ

जीज बेंडचा वाचून बरा वाटला. ती गोधडी अंगावरसून भिंतीर गेली, तर माझा काय म्हणणा नाय. तुझी भिंतीवरसून अंगावर कधी येतली ता सांग!

---

हर्णेवाली

मी दापोलीकडची, हर्णेची. आमचं मासेमारीचं घर. माझी धांदल म्हणजे संध्याकाळचा लिलाव. होड्या आल्या की बंदरावर जे होतं ते तुम्ही पाहिलं असेल. टोपल्या, बर्फ, छत्र्या, बोली, आणि सगळ्यांचे पाय. मला शिवायचेत ते पाय. टोपल्यांचे गोल, आणि त्यांच्यामधून सरकणाऱ्या साड्यांचे काठ. फक्त काठच, वर बाई नाही. जुन्या साड्यांचे काठ आमच्याकडे ढिगाने आहेत, कारण साडीचं बाकीचं आधी जातं.

एक युक्ती सांगते. बाद झालेल्या बारीक डोळ्याच्या जाळ्याचा तुकडा घ्यायचा. खाली नखाएवढ्या चिंध्या पसरायच्या, ज्या एकेक शिवणं शक्यच नाही. वर जाळं अंथरायचं आणि जाळ्यावरून टाके. चिंध्या आत अडकून राहतात आणि लांबून बघितलं तर टोपलीत चमकणारी मासळी दिसते. जाळं नसेल तर जुन्या मच्छरदाणीनेही होतं. जाळं मात्र साबणात भिजवून धुवून घ्या, पुन्हा भिजवा, पुन्हा धुवा. नाहीतर घरातली मांजर पानावरून उठणार नाही.

---

उसवण

जाळं नायलॉनचं. त्यावर गरम इस्त्री टेकवू नका, वितळून इस्त्रीला चिकटेल. वर सुती फडकं ठेवून, इस्त्री अगदी कोमट.

---

दोनाचे_चार (रत्नागिरी)

मी पुरुष, बँकेत, घरी दोन लहान मुलं. बटण लावता येतं, त्यापुढे काही नाही. मला मुलांच्या शाळेच्या सकाळीचं पान करायचंय. कुठून सुरू करू? मशीन लागेल का? मध्ये काय घालायचं? बाजारात गोधडीत भरायचं जे बॅटिंग मिळतं ते आणू का?

---

काजूगर

मशीन नको. आमच्याकडे पावसात वीज जाते येते, त्यामुळे हाताचंच खरं.

पोटात विकतचं काही आणू नका. जुन्या सुती साडीचे तीन-चार थर किंवा फलालीनचा एक तुकडा पुरे. मुलांचे तान्हेपणीचे दुपट्टे असतील तर त्याहून चांगलं पोट नाही, इतके धुतलेले असतात की सुई अडत नाही. पॉलिएस्टरचं फुगीर बॅटिंग छोट्या पानाला उशी करून टाकतं.

दोरा भरतकामाचा, सहा पदरी लडीतले दोन पदर काढून. बोटाला अंगुस्तान घ्या. आधी नको वाटतं, मग त्याशिवाय बसवत नाही. टाका बारीक घालायचा हट्ट नको, सारखा घालायचा धरा.

आणि पहिल्या पानावर सगळी सकाळ कोंबू नका. पाऊण तासातली एकच गोष्ट उचला. न सापडलेला मोजा घ्या. माझ्या मते शाळेच्या सकाळीचा सगळा इतिहास त्या मोज्यात आहे.

---

दोनाचे_चार

मोजा! झालं, ठरलं. पूर्ण पानभर डाव्या पायाचे मोजे, आणि कुठेतरी एकच उजवा.

---

रानवेल

हे आमच्या सगळ्यांपेक्षा भारी होणार आहे, आत्ताच सांगते.

---

टीपकागद

खुणा कशाने करता? मी उष्णतेने पुसलं जाणारं पेन आणलंय. रेघ काढायची, शिवायचं, इस्त्री फिरवली की गायब.

---

कारवारी_सून

सांभाळून. ती रेघ जात नाही, दिसेनाशी होते. कडक थंडीत परत उमटते. आपल्या कोकणात तेवढी थंडी पडायची नाही म्हणा, पण पान कुणी फ्रीझरमध्ये ठेवलं तर गंमत होईल. आणि पाण्याने जाणारं निळं पेन वापरत असाल तर उलटं: आधी पाण्याने धुवा, मग इस्त्री. इस्त्री आधी झाली तर ती रेघ पक्की होऊन बसते. मी शिंप्याचा खडू वापरते. चार टाके घालेपर्यंत टिकतो, तेवढं बस.

---

वायंगण (कुडाळ)

उशिरा आले, पण एक सुचवायचंय.

काजूगरताई, तुम्ही पान, पान म्हणताय तेव्हापासून मला पिंगुळी दिसतेय. आमच्यापासून जवळच. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी माहीत असेलच, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती यासाठीच. चित्रकथीचं एक चित्र म्हणजे गोष्ट नसते. चित्रांची पोथी असते, सांगणारा एकेक चित्र पुढे करत गातो, आणि गोष्ट दोन चित्रांच्या मधल्या वेळात घडते. दोन दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग.

मग तुमच्या गोधड्या भिंतीवर कशाला? दोन पानं पाठीला पाठ लावून शिवा. अस्तर वाचलं, टांगण्याचा प्रश्न मिटला, कोळिष्टकंही नाहीत. पोथी करा. चतुर्थीत सगळे जमतात तेव्हा काढायची आणि एकाने सांगायची. "वळीव" दाखवून तुम्ही जे वर लिहिलंत तेच तोंडाने सांगायचं. मध्ये कुणीतरी म्हणणारच, "सोडे त्या दिवशी नव्हतेच, मी सांगतो."

---

काजूगर

वायंगण, तुला काय देऊ? काजूगर पाठवते, ओले.

आठ बाय दहा पाठीला पाठ, म्हणजे एका जोडीला दोन अस्तरं कमी. फक्त उलट बाजूचे टाके दिसणार नाहीत अशी काळजी घ्यावी लागेल. आधी दोन्ही पानं वेगवेगळी शिवून, मग कडेने एकत्र गोट लावायचा. बरोबर ना काका?

---

उसवण

बरोबर. पण जाडी बघा. दोन पानं म्हणजे सहा थर आणि वर गोट, कोपऱ्यात सुई मोडेल. पाठीचं कापड दोन्हीकडून काढा, आणि प्रत्येकाच्या पोटात एकच पातळ थर ठेवा. अस्तर नसलं तरी पोटाच्या थरातूनच टाका घ्या. गोट तिरक्या कापडाचा नको, सरळ कापडाचा, कडा सरळच आहेत. तिरका फक्त गोलाईला.

ज्यांना तरी टांगायचंच आहे त्यांच्यासाठी: वरच्या दोन कोपऱ्यांत मागून कापडाचे दुमडलेले त्रिकोण गोटाबरोबर शिवून टाका. त्यांत लाकडी पट्टीची दोन टोकं अडकवली की पान सपाट राहतं. जांभ्याच्या भिंतीला खिळा एकच लागतो, तोही बसला तर. आणि ऊन थेट लागेल अशा ठिकाणी नको, पश्चिमेची भिंत दोन उन्हाळ्यांत रंग खाऊन टाकते.

---

हर्णेवाली

पावसाळ्यात ठेवायचं कसं यावर कुणी बोललंच नाही. आमचं घर अगदी किनाऱ्यावर, खारा वारा, त्यामुळे हा अभ्यास झालाय.

प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको. आतला दमटपणा आतच राहतो, आठवड्यात काळे ठिपके. जुन्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, घडी न घालता. घडीच्या रेघेवर कापड आधी तुटतं. खळ दिलेलं कापड असेल तर शिवण्याआधीच खळ धुवून काढा, कसर खळीवर येते. पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे बांधून टाकायचे. आणि श्रावणात उघडीप मिळाली की बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर. उन्हात नको. सुया पेटीत ठेवतानाही तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात टोचून ठेवा, पण शिवायला घेताना पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच टाक्याला तेलाचा डाग.

---

रानवेल

एक नाजूक प्रश्न. कापड घेता कुणाचं? माझ्या आत्याने आजीचं इरकली लुगडं "कलेसाठी" कापलं आणि त्यावरून घरात जे झालं ते आजही पूर्ण निवळलेलं नाही.

---

काजूगर

विचारून. आणि विचारलं तरी चांगलं कापड कापायचं नाही, हे माझं मत पक्कं आहे. फाटलेलं, विरलेलं, डागाळलेलं तेवढंच. लुगडं चांगलं असेल तर ते नेसायचं किंवा ठेवायचं. पानाला चार बोटं कापड लागतं, तेवढं आत खोचलेल्या फाटक्या भागातून मिळतं.

सासूबाईंचा गाऊन घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "तो मी पुसायला ठेवला होता." पान झाल्यावर बघून म्हणाल्या, "यात मी कुठली?" मी खिशाजवळचा पांढरा पडलेला तुकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "चाव्या आता तुझ्याकडे असतात ना, मग तुझाही गाऊन लाव तिथे." लावला. माझा अजून विरलेला नाही, त्यामुळे शेजारी ठेवल्यावर फारच नवा दिसतो. तसाच ठेवलाय.

---

टीपकागद

काजूगरताई, यंदा चतुर्थीला मी गावी येतोय. तुमच्याकडे एक चक्कर नक्की. पोथी तयार असेल का? आणि आम्ही पाहुण्यांनी काही विसरून जाण्याऐवजी आधीच तुकडे घेऊन आलो तर चालेल का? माझ्या ऑफिसच्या शर्टाची कॉलर लोकलमध्ये घासून गेलीय. माझी धांदल तीच आहे, तीही बसू दे कुठेतरी.

---

आगळ

मी पण येतंय. माझो लेंगो फाटलो हा, गुडघ्यार. पोथयेत बसलो तर बसलो, नाय तर तेचा पायपुसणा करा, माका दोनय चलता.

---

काजूगर

सगळ्यांनी या. प्रत्येकाने एकच कापड आणायचं, तळहाताएवढं तरी असू दे. घासलेला, विरलेला, ठिगळाचा भाग येईल असं कापा, चांगला भाग नको. आगळकाका, लेंग्याचा गुडघाच हवाय, बाकीचा लेंगा तुमच्याकडेच ठेवा. मोज्यांचं पान रत्नागिरीहून टपालाने आलं तरी चालेल, आठ बाय दहाचं करायचंय तर नऊ बाय अकराचं नको, पुरतं दहा बाय बाराचं ठेवून पाठवा. कापायचं मी आणि काका बघतो.

---

उसवण

आणि धुवून आणा. लाल आणि गडद निळं असेल तर ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सुटला तर वेगळं बांधून आणा, बाकीच्यात मिसळू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नका.